तीन नंबरची टाकी

सोमवार, ७ ऑक्टोबर

चि. मुंगी,

आशीर्वाद आहेत. नावामागे 'सौ.' घातलेलं नाही, ते घाईत राहून गेलेलं नाही.

तू त्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवाल्याबरोबर गेलीस त्या संध्याकाळी मी देवासमोर बसून सांगितलं, की ही एकटी परत येईपर्यंत हिच्याशी एक शब्द बोलणार नाही. बोलणार नाही म्हटलं, लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. म्हणून लिहिते. जुनंच पाकीट उलटून चिकटवलं आहे, कडेला डिंक दिसला तर नाक मुरडू नकोस.

तुझी चिठ्ठी दीड पानाची होती. त्यात माझ्या वाट्याला चार ओळी आणि उरलेलं सगळं शेडमधल्या त्या सापासारख्या माशांना, वामींना. 'आई, तुझ्याइतका हलका हात कुणाचा नाही,' असं लिहिलंस. अडल्यावर का होईना, आठवण झाली. तुझ्या वडिलांना नऊ वर्षं दोन्ही वेळा इन्शुलिन टोचलं, एकदाही निळं पडू दिलं नाही. त्यांना चालला तो हात वामीला का चालू नये? गेले चार सोमवार मी टोचते आहे.

आंघोळ, पूजा, मग शेड, असा क्रम ठेवला आहे. दुसऱ्या माशांच्या डोक्यातल्या त्या वाळवलेल्या गाठी, मोहरीएवढ्या, खलात घोटते, मिठाच्या पाण्यात कालवते, वरची निवळ सुईत ओढते. बादलीत लवंगेच्या तेलाचे थेंब टाकून वाम सुस्त करते. वास सगळा दाढ दुखल्यावरचा येतो, त्यामुळे तुझे वडील आठवतात. मग ओल्या टॉवेलात गुंडाळून त्यांच्याच तराजूत घालते. त्यांनी त्या तराजूत वामी तोलून विकल्या आणि तुला शिकवलं. आता तू वामींना पोटुशी करायला निघाली आहेस.

तुझ्या वहीत रकाने वाकडे होते. मी पट्टीनं नवे आखले.

आता वाईट बातमी. एक नंबर गुरुवारी गेली. सकाळी पोट वर करून तरंगत होती. दोन नंबर तू असतानाच गेली होती. माद्यांत राहिली एकटी तीन नंबर, बाकी कोपऱ्यातल्या टाकीतले दोन नर. तीन नंबर गेली की तुझी नोकरीही गेली, हे मला कळतं. अकरा वर्षं मत्स्यबीज केंद्रात रोजंदारीवर राबलीस, आणि साहेब काय म्हणाले, तर वामीची अंडी काढून पिल्लू दाखव, कायमची ऑर्डर देतो. आजवर त्या केंद्रात कुणाला जमलेलं नाही. म्हणूनच ते इतक्या मोकळ्या मनानं म्हणाले असतील.

पहिल्या सुईच्या दिवशी तीन नंबरचं वजन ८२० होतं. आज ७९० ग्रॅम. उपाशी आहे, उतरणारच.

टाकी त्या माणसाच्या ट्रकमधून हलवून न्यायचा विचार तुझ्या मनात येईल. हलवलीस तर वाम वाटेत मरेल, हे तूच मला शिकवलं आहेस.

आई


सोमवार, २८ ऑक्टोबर

चि. मुंगी,

वजन ७७८. सुई दहावी.

तिचे डोळे मोठे झाले आहेत. पूर्वी शर्टाच्या बटणाएवढे होते, आता कोटाच्या. पाठ काळी, पोट चांदीच्या भांड्यासारखं. सहज म्हणून मी गांडुळाचा तुकडा सोडून पाहिला, तिनं ढुंकून पाहिलं नाही. तू म्हणाली होतीस ते खरं आहे, आतडं आतल्या आत आक्रसून जातं, तोंड नुसतं शोभेला राहतं. मी इतके उपास केले, पण मनातून जेवण काही जात नाही. हिचं गेलं आहे.

सिलिंडरवाला बुधवारी आला होता. फाटकावर टकटक करून म्हणाला, "आई, ऑक्सिजन आणलाय." मी ओसरीवरूनच विचारलं, "कोणाची आई?" वरून म्हणतो, "आत ठेवून जातो, जड आहे, तुम्हाला उचलणार नाही." मी फाटक उघडलं नाही. तो सिलिंडर बाहेर भिंतीला टेकवून गेला. तो गेल्यावर मी आडवा पाडला आणि पायानं ढकलत शेडपर्यंत नेला. चार पायऱ्या आहेत, त्यावर फळी टाकली. पाठ धरली आहे, पण ते तुझ्या वहीत लिहिण्याचं कारण नाही.

त्या माणसाच्या हातून तुझं पत्र घेतलं नाही म्हणून तू ते पोस्टानं पाठवलंस. वाचलं. मधेच विचारलं आहेस, 'मी सोळा-सतरा वर्षांची असताना तू मला त्या डॉक्टरांकडे नेलं होतंस. ते तेव्हा नक्की काय म्हणाले होते?' इतक्या वर्षांनी हे कुठून आठवलं कळत नाही. सुईच्या दिवशी मला हजार कामं असतात.

त्यापेक्षा तुला एक विचारते. तू एकदा जेवताना सांगितलं होतंस, ते मी बरोबर लक्षात ठेवलं आहे का बघ. वाम नदीत पंधरा-वीस वर्षं राहते, पण वयात येत नाही. आत सगळं असतं, झोपलेलं. डोक्यातली ती मोहरीएवढी गाठ उठवायला तयार असते, पण मेंदू तिच्यावर हात दाबून बसलेला असतो. तो नाही म्हणत नाही, अजून नाही एवढंच म्हणतो. ती समुद्राकडे निघाली, महिनोन् महिने उपाशी पोहली, की मग कुठं तो हात सैल होतो. टाकीत तो कधीच सैल होत नाही, टाकीतली वाम म्हातारी होऊन तशीच मरते. म्हणून आपण मेंदूला विचारायचंच नाही, दुसऱ्याच्या गाठीचा अर्क टोचायचा. बरोबर ना?

आणखी एक म्हणाली होतीस. दाटीवाटीनं वाढलेल्या वामी सगळ्या नर होतात, एकटीदुकटी वाढलेली तेवढी मादी होते. असं म्हणून माझ्याकडे बघितलंस. तेव्हा मी तुझ्या पानात आणखी भात वाढला.

आई


सोमवार, १८ नोव्हेंबर

चि. मुंगी,

वजन ७८५. उतरायचं थांबलं. सुई तेरावी.

तुझं पत्र आलं. तीनदा वाचलं. सदतिसाव्या वर्षी दिवस राहिले, म्हणतेस. दोन महिने उलटले. मधे अंगावरून गेलं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं, आता घरी आहेस, पण डॉक्टरांनी फेब्रुवारीअखेरपर्यंत पाय खाली टाकायचा नाही असं बजावलं आहे. आणि मूल टिकावं म्हणून दर सोमवारी कमरेत इंजेक्शन.

म्हणजे सोमवारी इथं मी टोचते आणि तिथं तुला कुणी टोचतं. देवाला विनोद कळत नाही असं कोण म्हणेल?

मी देवापुढे साखर ठेवली. आजी होणार म्हणून आनंद झाला का, तर तो यायला वेळ लागेल. आधी दुसरंच वाटलं, आणि ते काय हे तू ओळखलं आहेस, म्हणूनच पत्राच्या शेवटी पुन्हा तो प्रश्न घातलास. यावेळी खाली रेघ मारून. 'आई, मला मूल होणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते ना? तूच सांगितलं होतंस. मग हे काय आहे?'

रेघ इतकी दाबून मारली आहेस की मागच्या पानावर उठली आहे. कागद फुकट येत नाही.

तू दुकानात दोनदा फोन केलास. दुकानदाराचा माणूस बोलवायला आला, "काकू, मुलीचा फोन आहे, धरून ठेवलाय, रडतेय बहुतेक." मी शेंगा सोलत होते. सांगितलं, माझी शपथ आहे, तिला म्हणावं पत्र लिही. तो म्हणाला, "शपथ देव मोडू देतो काकू, पोरीचं प्रकरण आहे." मी विचारलं, तुला केव्हापासून देव सांगायला लागला? तो गेला.

तेव्हा असं कर, मला विचारू नकोस, निजून राहा. डाव्या कुशीवर. उशी पायाखाली. माझ्या वेळी मी कुणाच्या सांगण्यावरून निजले नव्हते, तरी तू झालीस. पण तुझं वेगळं आहे.

तीन नंबरला आता पोटाशी हात लावला की मऊ लागतं. पिठाच्या गोळ्यासारखं. तिचं मांस आणि हाडं विरघळून आत अंडी होत आहेत, असं तुझ्या वहीत लिहिलेलं आहे. तिची शेपटी सुरीसारखी होती, आता बोटानं वाकते. बाहेरून एक घास नाही. जे काय द्यायचं ते स्वतःतून.

आई


सोमवार, ९ डिसेंबर

चि. मुंगी,

वजन ८१२. सुई सोळावी.

काल साहेब येऊन गेले. बूट काढून शेडमध्ये आले, एवढं सौजन्य आहे. टाकीवरचं काळं कापड मी बोटभर उचललं. ते वाकून बघत राहिले. म्हणाले, "काकू, हे तुम्ही एकट्या करताय?"

म्हटलं, "सुईच टोचायची असते. कपड्याला टाके घालतो त्यापेक्षा सोपं."

"बाई कशा आहेत?"

"निजून आहेत."

"आजारी?"

"आजारी माणसं उठतात. ती उठणार नाही."

त्यांना ते समजलं नसावं. पुढे म्हणाले, "माझी बदली ठरलीय. जानेवारीअखेर मी जाणार. तोवर वामीचं पिल्लू दिसलं तर बाईंची ऑर्डर माझ्या सहीनं काढून जातो. माझ्यामागून येणारा माणूस वामीला सापापेक्षा वेगळं मानत नाही." मग दारात बूट घालताना हसले, "आणि जिवंतच पाहिजे असं नाही काकू. बाटलीत घालून ठेवलेलं चालेल. मला फक्त ते वामीचं आहे हे डोळ्यांनी बघायचंय."

त्यांना चहा दिला. साखर कमी घातली, त्यांच्या लक्षात आलं नाही.

हे सगळं तुला लिहायचं की नाही यावर मी रात्रभर जागले नाही, जेवून लगेच लिहायला बसले. लपवालपवी मला जमत नाही. आजवर तुझ्याशी एक शब्द खोटा बोलले असेन तर हात झडो.

तुझ्या नवऱ्याला (लिहिला हा शब्द) सांग, ऑक्सिजन संपत आला आहे, भिंतीशी ठेवून जाऊ दे. फाटक वाजवायची गरज नाही, सिलिंडरचा आवाज मला येतो.

तू आता तिसऱ्यांदा विचारलंस. या वेळी लिहिलं आहेस, 'मी प्रत्येक स्थळाला स्वतःहून सांगत गेले, की मला मूल होणार नाही. सहा जणांना सांगितलं. तू शेजारच्या खोलीत बसून ऐकत होतीस.'

हो, ऐकत होते. आवाज स्वच्छ होता तुझा. मला अभिमान वाटायचा, की माझी मुलगी फसवत नाही.

आई


सोमवार, ३० डिसेंबर

चि. मुंगी,

वजन ८६१. सुई एकोणिसावी. गेल्या सोमवारी ८३८ होतं. चढ वाढला आहे.

तुझी सूचना पाठ झाली आहे, पुन्हा पुन्हा लिहू नकोस. पहिल्या वजनावर दहावा हिस्सा चढला, म्हणजे ९०२ ओलांडलं, की ती पिकली. त्या सकाळी नेहमीची सुई द्यायची आणि लगेच दुकानातून फोन करायचा. तू उठणार नाहीस, तो ट्रक घेऊन निघेल, नऊ तासांत पोचेल, त्याला तू निजल्या निजल्या सगळं शिकवलं आहेस. दुसऱ्या संध्याकाळी कापसात गुंडाळलेल्या कुपीतली शेवटची सुई. तिसऱ्या सकाळी अंडी. अंडी सुटल्यावर दोन-तीन तासांत नरांच्या रसाशी गाठ पडली नाही तर ती वाया जातात. पिल्लं निघाली की त्यातली दहा-बारा ताबडतोब फॉर्मलिनच्या बाटलीत टाकायची, म्हणजे ती टिकतात.

'शपथ मोड आई, एवढ्या एका फोनपुरती मोड. पुन्हा कधी काही मागणार नाही.' हे तू लिहिलं आहेस.

दोन्ही नरही तयार आहेत. वीतभर प्राणी, पोट दाबलं की दूध येतं. वर्षाला पुरेल एवढा तोरा.

मूल हलायला लागलं का? लागलं असेल. आधी ते पोटातल्या गॅससारखं वाटतं.

आई


शुक्रवार, १० जानेवारी

चि. सौ. मुंगी,

'सौ.' घातलं आहे. आज सगळं जिथल्या तिथं ठेवायचं ठरवलं आहे.

सोमवारी वजन ९२९ भरलं. माझा विश्वास बसेना म्हणून तराजू पुसून दुसऱ्यांदा केलं. ९२९. विसावी सुई दिली, हात धुतले, चप्पल घातली आणि दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, "या काकू. फोन का? नंबर लावून देऊ?"

म्हटलं, "माझी शपथ आहे."

"अहो मग तुम्ही बोलू नका. मी बोलतो. काय सांगायचं तेवढं सांगा." त्यानं रिसीव्हर खांद्याला लावला, भिंतीवर लिहिलेला तुझा नंबर बघितला, बोट डायलमध्ये घातलं आणि माझ्याकडे बघत थांबला. मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती.

मी म्हटलं, "साबणाची अर्धी वडी दे."

तो म्हणाला, "अर्धी कशी देऊ? पूर्ण घ्या."

पूर्ण घेतली आणि घरी आले.

म्हणजे शपथेमुळे फोन केला नाही, असं मला लिहिता येत नाही. तो बोलणार होता, माझी शपथ शाबूत राहत होती. तुझ्या पोटातल्या मुलाच्या काळजीनं केला नाही, असंही लिहिता येत नाही. तू उठणार नव्हतीस, येणार होता तो. हे दुसरं कारण मला दुकानातून परत येताना वाटेत सुचलं. चांगलं होतं. चारचौघांत सांगितलं असतं तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं. पण ते वाटेत सुचलं, आधी नव्हतं, आणि देवासमोर बसून मी ते वापरू शकले नाही.

पण म्हणून ती वाया घालवायची? वीस आठवडे ती उपाशी आणि मी पाठ धरून. वाया घालवणं मला जमत नाही, तुला माहीत आहे.

मंगळवारी संध्याकाळी दिवा लावला आणि कुपीतली शेवटची सुई दिली. बुधवारी सकाळी बघते तर ती टाकीच्या वरच्या अंगाला संथ फिरत होती, पोट एवढं फुगलेलं की जणू कुणी तिच्या कातडीत दुसरीच वाम भरली आहे. लवंगेच्या पाण्यात घातली. कोरडं घमेलं घेतलं, तुझ्या वहीतलं पान खिळ्याला टोचून समोर ठेवलं, आणि गळ्याकडून खाली हात ओढला. पहिल्या दाबाला काही नाही. दुसऱ्याला अंडी आली. येतच राहिली. काचेचा मऊ चुरा असावा तशी, घमेलं पाऊण भरलं. तुझ्या बाळंतपणात सुईण म्हणाली होती, बाई, तोंडातून आवाज काढा, कोंडून धरू नका. मी कोंडूनच धरला होता. ही पण गप्प होती.

दोन्ही नर पिळले, कोंबडीच्या पिसानं हलवलं, मिठाचं पाणी घातलं. अर्ध्या तासात खराब तेवढी खाली बसली आणि चांगली वर तरंगली. तू काढलेल्या चित्रासारखी, तंतोतंत.

ती दुपारी गेली. तिच्यात काही उरलंच नव्हतं, टॉवेल पिळून ठेवल्यासारखी झाली होती. बाजारात दिली नाही. भिंतीशी पुरली.

आज पहाट उलटल्यावर पिल्लं निघाली.

मुंगी, पापणीच्या केसाएवढी आहेत. आरपार दिसतात. डोळे नाहीत, तोंड नाही, पोटाशी तेलाचा एक थेंब घेऊन पाण्यात लटकलेली. चष्मा लावून मोजायला बसले, चारशेच्या पुढं नाद सोडला. केंद्रात अकरा वर्षं कुणाला दिसलं नाही, ते मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून बघितलं. तुझं सगळं खरं होतं. एक एक ओळ.

आता तुझं उत्तर. चार वेळा विचारलंस, चौथ्यांदा पाचच शब्दांत, म्हणून देते.

डॉक्टरांनी तुला तपासलं, तुला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "पाळीला उशीर होतोय एवढंच. शरीर तयार आहे, वरून हुकूम सुटायचा आहे. या गोळ्या दोन महिने द्या, नाही दिल्यात तरी वर्षा-दोन वर्षांत आपोआप येईल." मी विचारलं, "हिला मूल होईल ना?" ते हसले. म्हणाले, "खात्री कोण देणार बाई? खात्री देवाकडे." गोळ्यांचा कागद पत्र्याच्या डब्यात आहे, अजून वाचता येतो. गोळ्या आणल्या नाहीत. एकोणिसाव्या वर्षी तुझं आपोआप आलं, डॉक्टर खरे ठरले.

तुला मी सांगितलं, मूल होईल याची खात्री डॉक्टर देत नाहीत. यात खोटं काय आहे दाखव. पुढचं तू तुझ्या मनानं धरलंस, आणि धरू दिलं एवढाच माझा भाग. तुझे वडील जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. दोन पानं मांडत होते. त्यातलं एक उचललं गेलं असतं तर मी कुणासमोर बसून जेवणार होते? लग्न करू नकोस असं मी तुला कधीही म्हटलं नाही. अजून नको, एवढंच मनात म्हणत राहिले, आणि वर्षं गेली.

आता नीट वाच.

पिल्लं त्या तेलाच्या थेंबावर आठ दिवस जगतात. नंतर मरतात आणि पाण्यात विरघळतात, नखाएवढाही पुरावा मागे राहत नाही. हे तुझ्याच अक्षरात आहे. त्यांना बाटलीत घालायला सांगितलं होतंस. बाटली माझ्यासमोर आहे, भरलेली. बूच काढलेलं नाही.

साहेबांना कळवलेलं नाही. केंद्र इथून दहा मिनिटांवर आहे, पण शेडला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कमरेला. तू तिकडून त्यांना कळवलंस तरी मी कुलूप उघडणार नाही. तो ट्रक घेऊन आला तर फाटक उघडणार नाही. त्याला ते ठाऊक आहे.

हे पत्र मी आत्ता, पोस्टमन पेटी उघडून टपाल नेण्याआधी, टाकते. मधे रविवार आहे, तुला मंगळवारी मिळेल. म्हणजे पुढचे तीन दिवस तुझ्या हातात राहतात. बस सकाळी असते. खिडकीजवळची जागा घे, मागची नको, मागे धक्के बसतात.

फेब्रुवारीअखेरपर्यंत पाय खाली टाकायचा नाही, हे मी विसरलेले नाही. डॉक्टर म्हणतात ते सगळं तसंच होतं असं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आणि निजून राहायचं ठरवलंस, तर तेही कळेल. मी काही म्हणणार नाही. तुला काय हवं होतं ते मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं, ते एकदाचं ठाऊक होईल.

शेडला चार पायऱ्या आहेत. फळी काढून ठेवते, म्हणजे पाय अडखळणार नाही. सावकाश चढ.

एकटी आलीस की माझी शपथ सुटते. सप्टेंबरपासून दुकानातली माणसं, साहेब आणि फाटकावरचे ते दोन शब्द सोडले तर कुणाशी बोललेले नाही, आवाज फाटल्यासारखा येतो. तो आधी जरा दुरुस्त करून ठेवते. बूच तू आल्यावर, तुझ्यासमोर काढेन.

तुझी आई